सेनापतींनी तेव्हा काय सांगितले, नंतर काय लिहिले : श्रीलंकेतील शांती सेनेचा दाखला

चेन्नई : श्रीलंकेतील त्रिंकोमाली बंदरातून २४ मार्च १९९० रोजी भारतीय शांती सेनेची अखेरची तुकडी मायदेशी निघाली. जवळपास बत्तीस महिने चाललेली ही मोहीम त्या दिवशी संपली. मद्रास बंदरात परतलेल्या सैनिकांच्या स्वागताला तमिळनाडूचे तत्कालीन मुख्यमंत्री एम. करुणानिधी गेले नाहीत. ज्या सैन्याच्या हातून श्रीलंकेतील तमिळ मारले गेले त्याचे स्वागत आपण करू शकत नाही, ही त्यांची भूमिका होती. त्यावर देशभर टीका झाली. आदेशानुसार लढलेल्या जवानांचा हा अपमान असल्याचे अनेकांचे म्हणणे होते आणि ते चुकीचे नव्हते. पण एक प्रश्न त्या गदारोळात मागे पडला. या युद्धाचे समर्थन जनतेपुढे करण्यात आले, तेव्हा सत्य कितपत सांगितले गेले आणि ते सांगण्याची जबाबदारी कोणाची होती?

हा प्रश्न चेन्नईत विचारण्याला विशेष कारण आहे. मोहिमेचे सूत्रसंचालन पुण्याच्या दक्षिण मुख्यालयाचे प्रमुख लेफ्टनंट जनरल दीपिंदर सिंग यांच्याकडे सोपविण्यात आले आणि शांती सेनेचे मुख्यालय मद्रासमध्ये थाटण्यात आले. फोर्ट सेंट जॉर्ज या जुन्या किल्ल्याच्या आवारात लष्कराच्या कचेऱ्या आहेत आणि राज्याची विधानसभाही तेथेच भरते. जाफन्याहून जखमी जवान या शहरात येत होते, निर्वासित रामेश्वरममार्गे याच राज्यात येत होते आणि तमिळ संघटनांची पत्रकेही याच शहराच्या रस्त्यांवर वाटली जात होती. त्यामुळे सरकारी निवेदनाची शहानिशा करण्याची सोय देशात कोठे असेल, तर ती येथे होती. दिल्लीच्या वाचकाला जे वृत्त वाटे, ते मद्रासच्या वाचकाला पुष्कळदा एका बाजूचे म्हणणे वाटे.

मोहिमेची पूर्वपीठिका थोडक्यात अशी. जुलै १९८३ मध्ये कोलंबो व अन्यत्र तमिळांविरुद्ध भीषण दंगली उसळल्या. त्यानंतर श्रीलंकेतील तमिळ सशस्त्र गटांना भारतात आश्रय, शस्त्रे आणि प्रशिक्षण मिळू लागले. मार्च १९८४ मध्ये ‘इंडिया टुडे’ने तमिळनाडूतील प्रशिक्षण तळांविषयी सविस्तर वृत्तांत छापला. सरकारने अशा तळांचे अस्तित्व नाकारले. पुढे राजीव गांधी यांच्या हत्येमागील कटाचा तपास करणाऱ्या न्या. जैन आयोगाच्या १९९७ च्या अंतरिम अहवालात या प्रशिक्षणाचा विस्ताराने ऊहापोह झाला आणि ते नाकारणे कोणालाही शक्य राहिले नाही. म्हणजे भारतीय सेना श्रीलंकेत उतरली तेव्हा ती ज्या गटाची शस्त्रे गोळा करणार होती, त्या गटाला भारतानेच घडविले होते आणि अधिकृतपणे ते कोणी मान्य केलेले नव्हते. पुढील सर्व निवेदनांवर या पहिल्या असत्याची छाया राहिली.

जून १९८७ मध्ये जाफन्याची कोंडी झाली असता भारताने प्रथम मासेमारी नौकांतून मदत धाडली. श्रीलंकेच्या नौदलाने ती परत पाठविल्यावर ४ जून रोजी हवाई दलाच्या एएन-३२ विमानांनी मिराज-२००० विमानांच्या संरक्षणात अन्नधान्य व औषधे जाफन्यावर टाकली. त्यानंतर आठ आठवड्यांच्या आत, २९ जुलै रोजी, पंतप्रधान राजीव गांधी आणि श्रीलंकेचे अध्यक्ष जे. आर. जयवर्धने यांनी कोलंबो येथे करारावर स्वाक्षऱ्या केल्या. दुसऱ्या दिवशी मानवंदना स्वीकारताना श्रीलंकेच्या एका नौसैनिकाने राजीव गांधी यांच्यावर बंदुकीच्या दस्त्याने हल्ला केला. त्याच दिवशी भारतीय सेना पलालीच्या धावपट्टीवर उतरू लागली होती.

करारानुसार ४८ तासांत शस्त्रसंधी आणि त्यानंतर ७२ तासांत सर्व सशस्त्र गटांचे निःशस्त्रीकरण व्हायचे होते. वर्षानुवर्षे चाललेला संघर्ष पाच दिवसांत मिटेल, असे गृहीत धरलेले हे वेळापत्रक होते. ते वाचून कोणा वरिष्ठ सेनाधिकाऱ्याच्या मनात शंका आली नसेल, हे संभवत नाही. करारासोबत पंतप्रधान व अध्यक्ष यांच्यात पत्रांची देवाणघेवाणही झाली. त्यांत त्रिंकोमाली बंदराचा वापर भारताच्या हिताविरुद्ध होऊ न देणे, तेथील तेलटाक्यांचे काम, परकीय प्रसारण केंद्राचा वापर आणि परकीय लष्करी तज्ज्ञांची उपस्थिती असे विषय होते. पत्रे प्रसिद्ध झाली होती, लपविलेली नव्हती. मात्र २ ऑगस्ट रोजी मद्रासच्या मरीना किनाऱ्यावर राजीव गांधी आणि तत्कालीन मुख्यमंत्री एम. जी. रामचंद्रन यांची जी प्रचंड सभा झाली, ती तमिळांच्या हक्कांच्या विजयाची सभा म्हणून झाली. सामान्य श्रोत्याच्या ध्यानात राहिले ते हे कारण. सामरिक कारण कागदावरच राहिले.

सेनेच्या नावातही हाच घोळ होता. ‘शांती सेना’ या शब्दाने उभय पक्षांत तटस्थपणे उभे राहणाऱ्या दलाचे चित्र उभे राहते. संयुक्त राष्ट्रांच्या निळ्या टोप्यांचे चित्र वाचकांच्या परिचयाचे होते. येथे मात्र करार दोन सरकारांमध्ये झाला होता. ज्यांना शस्त्रे ठेवायची होती, ते ‘लिट्टे’चे नेते त्यावर सही करणारे नव्हते. संघटनेचे प्रमुख वेलुपिल्लै प्रभाकरन यांनी ४ ऑगस्ट रोजी जाफन्याजवळील सुदुमलै येथील सभेत आपण नाइलाजाने हे स्वीकारत असल्याचे जाहीर केले आणि दुसऱ्या दिवशी पलाली येथे काही शस्त्रे प्रतीकात्मकरीत्या खाली ठेवण्यात आली. छायाचित्रे प्रसिद्ध झाली, समाधान व्यक्त झाले. बाकीची शस्त्रे कोठे आहेत, याची चर्चा त्या दिवसांत अधिकृत पातळीवर फारशी झाली नाही.

या मोहिमेपूर्वी लष्कराने पंतप्रधानांना काय सल्ला दिला होता, हा कळीचा मुद्दा आहे. जनरल कृष्णस्वामी सुंदरजी हे त्या वेळी लष्करप्रमुख होते. त्यांचा जन्म मद्रास इलाख्यातील चेंगलपट्टूचा, काही शिक्षण मद्रास ख्रिश्चन कॉलेजातले आणि सैन्यातील प्रवेश महार रेजिमेंटमधून. बुद्धिमान, आधुनिक युद्धतंत्राचे आग्रही आणि आत्मविश्वासाने बोलणारे सेनापती अशी त्यांची ख्याती होती. त्या वेळी कोलंबोत भारताचे उच्चायुक्त असलेले जे. एन. दीक्षित यांनी १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘असाइनमेंट कोलंबो’ या पुस्तकात लिहिले आहे की, ‘लिट्टे’ उलटली तर तिचा बंदोबस्त काही आठवड्यांत करता येईल, अशी ग्वाही सुंदरजी यांनी राजीव गांधी यांना दिली होती. दीक्षित हे त्या धोरणाचे एक प्रमुख शिल्पकार. दोषाचा वाटा दुसऱ्याकडे सरकविण्यात त्यांचाही स्वार्थ असू शकतो, हे वाचताना ध्यानात ठेवावे लागते. सुंदरजी यांचे आत्मचरित्र अपुरेच राहिले. फेब्रुवारी १९९९ मध्ये त्यांचे निधन झाले आणि त्यांनी लिहून ठेवलेला भाग मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला.

दीपिंदर सिंग यांचे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. निवृत्तीनंतर लिहिलेल्या पुस्तकात ते सांगतात की, ‘लिट्टे’विरुद्ध बळाचा मार्ग स्वीकारला तर सेना दीर्घकाळ बंडखोरीविरोधी लढ्यात अडकून पडेल, असा इशारा आपण वरिष्ठांना दिला होता आणि तो त्यांना रुचला नाही. हे खरे मानले, तर सर्वोच्च सेनानी जनतेपुढे जाण्याच्या आधीच सेनेच्या आत दोन मते होती आणि त्यातले एकच पुढे गेले. जनतेला या मतभेदाची कुणकुण लागण्याचा प्रश्नच नव्हता. पण मंत्रिमंडळाला तरी ते मत पोचले होते काय, हेही या पुस्तकांतून निश्चित होत नाही.

येथे १९७१ ची आठवण हटकून निघते. बांगलादेश युद्धापूर्वी एप्रिल महिन्यात जनरल सॅम माणेकशा यांनी इंदिरा गांधी यांना सेना तयार नसल्याचे स्पष्ट सांगितले, ही कथा प्रत्येक प्रबोधिनीत सांगितली जाते. ती स्वतः माणेकशा यांनीच पुढे अनेकदा सांगितलेली आहे. सरकारचा तेव्हा तातडीने युद्ध करण्याचा विचार होता, यालाच श्रीनाथ राघवन यांच्यासारख्या इतिहासकारांनी हरकत घेतली आहे. कथा थोडी रंगलेली असेल, तरी ती ज्या गुणाचा गौरव करते, तो गुण १९८७ च्या उन्हाळ्यात दिल्लीत दिसला नाही, एवढे म्हणता येते.

सप्टेंबरमध्ये घटना वेगाने बिघडल्या. ‘लिट्टे’चे जाफन्यातील नेते थिलीपन यांनी १५ सप्टेंबर रोजी उपोषण आरंभले आणि २६ सप्टेंबरला त्यांचा मृत्यू झाला. ऑक्टोबरच्या प्रारंभी श्रीलंकेच्या नौदलाने समुद्रात पकडलेल्या १७ कार्यकर्त्यांना कोलंबोला नेण्याची तयारी सुरू झाली, तेव्हा त्यांनी पलाली येथे सायनाइड घेतले. त्यांत कुमारप्पा आणि पुलेंद्रन या प्रमुख नेत्यांसह बारा जण मरण पावले. त्यांना भारतीय सेनेच्या ताब्यात द्यावे, यासाठीचे प्रयत्न फसले होते. यानंतर युद्ध अटळ झाले.

‘ऑपरेशन पवन’ या नावाने जाफन्यावर चढाई सुरू झाली. ११ ऑक्टोबरच्या रात्री जाफना विद्यापीठाच्या परिसरात हेलिकॉप्टरमधून कमांडो आणि १३ शीख लाइट इन्फन्ट्रीचे जवान उतरविण्यात आले. प्रभाकरन व त्यांचे सहकारी तेथे असल्याची खबर होती. ‘लिट्टे’ मात्र आधीच सावध होती. शीख लाइट इन्फन्ट्रीच्या ज्या ३० जवानांना तेथे उतरविता आले, त्यांपैकी २९ जण धारातीर्थी पडले आणि एक पकडला गेला. पुढील तुकड्या उतरविणे अशक्य झाले होते. या रात्रीचा पूर्ण तपशील देशाला कळायला काळ जावा लागला. जाफना शहर हाती यायला ऑक्टोबर सरत आला आणि तोवर दोनशेहून अधिक भारतीय सैनिकांचे प्राण गेले होते.

त्या आठवड्यांतील अधिकृत निवेदनांचा सूर एकच होता. सेना कमीत कमी बळ वापरत आहे, नागरिकांना इजा होऊ नये म्हणून स्वतःची हानी सोसत आहे. यात तथ्य नव्हते असे नाही. तोफखाना आणि हवाई हल्ले यांच्या वापरावर मर्यादा होत्या आणि त्यांची किंमत पायदळाने मोजली. दाट वस्ती, पेरलेले सुरुंग आणि साध्या वेषातील बंदूकधारी अशा स्थितीत जवान लढत होते. परंतु जाफन्यात पत्रकारांना मुक्त प्रवेश नव्हता आणि जे सांगितले जाई, त्याची पडताळणी करण्याची सोय नव्हती. अर्धे सत्य पूर्ण सत्य म्हणून देण्यास ही स्थिती फार अनुकूल असते.

त्याचे सर्वांत बोचरे उदाहरण जाफना शिक्षण रुग्णालयाचे. २१ ऑक्टोबर १९८७ हा तमिळांच्या दिवाळीचा दिवस होता. त्या दिवशी भारतीय जवान रुग्णालयात शिरले आणि गोळीबारात रुग्ण, डॉक्टर, परिचारिका व कर्मचारी मिळून साठहून अधिक माणसे मारली गेली, असे तेथील साक्षीदारांचे निवेदन आहे. रुग्णालयातून आपल्यावर गोळीबार होत होता, मृत्यू चकमकीत झाले, असे सेनेच्या बाजूने सांगण्यात आले आणि दीपिंदर सिंग यांनीही नंतर तीच बाजू मांडली. ‘लिट्टे’चे काही बंदूकधारी आधी रुग्णालयात होते, हे साक्षीदारही सांगतात. मात्र जवान शिरले तेव्हा ते निघून गेलेले होते, असे त्यांचे म्हणणे आहे. जाफना विद्यापीठातील चार अध्यापकांनी लिहिलेल्या ‘द ब्रोकन पामायरा’ या ग्रंथात हा प्रसंग नोंदलेला आहे. त्यांच्यापैकी शरीररचनाशास्त्राच्या प्राध्यापक राजनी तिरणगामा या ‘लिट्टे’च्याही तितक्याच कठोर टीकाकार होत्या. २१ सप्टेंबर १९८९ रोजी जाफन्यात त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. त्यांची साक्ष ‘लिट्टे’चा प्रचार म्हणून झटकून टाकता येत नाही, ती यामुळेच.

दोन वर्षांनी, ऑगस्ट १९८९ मध्ये, वल्वेट्टितुराई या किनाऱ्यावरील गावात सेनेच्या गस्तीवर हल्ला होऊन सहा जवान मारले गेले. त्यानंतर गावातील पन्नासहून अधिक नागरिकांचा मृत्यू झाला. अधिकृत स्पष्टीकरण पुन्हा चकमकीचेच होते. ‘इंडियन एक्स्प्रेस’ आणि लंडनच्या ‘फायनान्शियल टाइम्स’ने प्रत्यक्षदर्शींच्या हकिकती छापल्या. त्याच वर्षी मुंबईतून या घटनेवर एक पुस्तिका प्रसिद्ध झाली. तिच्या शीर्षकात व्हिएतनाममधील माय लाय हत्याकांडाचा उल्लेख होता आणि प्रस्तावना होती तेव्हा विरोधी पक्षातील नेते जॉर्ज फर्नांडिस यांची. १९९८ मध्ये फर्नांडिस देशाचे संरक्षणमंत्री झाले. वल्वेट्टितुराईची लष्करी कागदपत्रे त्यांच्या कार्यकाळातही खुली झाली नाहीत.

भारतीय सेनाधिकाऱ्याने त्या काळात जाहीरपणे वेगळे काही सांगायचे ठरविले असते, तरी ते कसे शक्य होते, हेही पाहिले पाहिजे. राज्यघटनेच्या ३३ व्या अनुच्छेदानुसार सशस्त्र दलांतील व्यक्तींच्या मूलभूत हक्कांवर संसद मर्यादा घालू शकते. लष्करी नियमावली, १९५४ मधील २१ वा नियम सेवेतील व्यक्तीला पूर्वपरवानगीविना वृत्तपत्रांशी बोलण्यास किंवा सेवाविषयक मजकूर प्रसिद्ध करण्यास मनाई करतो. शिवाय १९२३ चा गोपनीयता कायदा आहेच. याचे कारणही समजण्यासारखे आहे. शेजारच्या अनेक देशांत सेनापती राजकारणावर बोलू लागले आणि मग राज्यही करू लागले. भारतात तसे झाले नाही, याचे श्रेय या मौनाच्या शिस्तीला काही प्रमाणात दिले जाते. मात्र या व्यवस्थेत एक असमतोल आहे. सरकारला अनुकूल असे सेनापतीचे विधान परवानगीने प्रसिद्ध होते आणि प्रतिकूल मत नियमानेच दडते. सेनेच्या नावाने जनतेपुढे येणारी बाजू त्यामुळे नेहमी गाळून आलेली असते.

मौन सुटले ते निवृत्तीनंतर आणि पुस्तकांच्या रूपाने. मेजर जनरल हरकिरत सिंग हे जाफन्यात प्रथम उतरलेल्या ५४ व्या पायदळ डिव्हिजनचे प्रमुख होते. त्यांचे पुस्तक मोहीम संपल्यानंतर दीड दशकाहून अधिक काळाने आले. त्यात त्यांनी आरोप केला की, सप्टेंबर १९८७ मध्ये प्रभाकरन चर्चेसाठी येतील तेव्हा त्यांना पकडावे किंवा ठार मारावे, असा निरोप उच्चायुक्त दीक्षित यांनी दूरध्वनीवरून दिला होता. चर्चेला बोलावलेल्या माणसावर सैनिक पाठीमागून गोळी झाडत नाही, असे सांगून आपण नकार दिला आणि दीपिंदर सिंग यांनी आपल्याला पाठिंबा दिला, असे ते म्हणतात. वृत्तपत्रांनी हा भाग उचलून धरला. परंतु दीक्षित यांचे जानेवारी २००५ मध्ये निधन झाले होते आणि उत्तर देण्यास ते हयात नव्हते. आरोप खरा असेलही. मात्र इतका गंभीर प्रसंग वीस वर्षे सांगितला गेला नाही आणि सांगितला तेव्हा प्रतिवादी उरला नव्हता, ही त्याची अडचण आहे.

हरकिरत सिंग यांच्यानंतर त्याच डिव्हिजनची सूत्रे घेणारे एस. सी. सरदेशपांडे यांचे ‘असाइनमेंट जाफना’ १९९२ मध्ये आले. आडनावामुळे मराठी वाचकाला ते जवळचे वाटतील, पण पुस्तकाचे महत्त्व वेगळ्या कारणासाठी आहे. इतरांची पुस्तके बहुतांशी दिल्ली, कोलंबो किंवा वरिष्ठ मुख्यालय यांच्याकडे बोट दाखवितात. सरदेशपांडे स्वतःच्या सेनेकडेही पाहतात. शत्रूची शिस्त आणि निष्ठा ते मोकळेपणे मान्य करतात आणि आपले सैनिक तेथील समाजाला किती कमी ओळखत होते, हे लपवीत नाहीत. या मोहिमेवर सेनाधिकाऱ्यांनी जे लिहिले, त्यात हे पुस्तक सर्वांत प्रामाणिक म्हणावे असे आहे आणि सर्वांत कमी गाजलेलेही तेच. चेन्नईस्थित कर्नल आर. हरिहरन हे शांती सेनेच्या गुप्तवार्ता विभागाचे प्रमुख होते. निवृत्तीनंतर तेही या मोहिमेवर सातत्याने लिहीत आले आहेत.

याउलट १९८८ पासून मोहिमेचे प्रमुख राहिलेले लेफ्टनंट जनरल ए. एस. कालकट यांनी सेनेने आपले काम पुरे केले, हीच बाजू कायम मांडली. त्यांच्या युक्तिवादाला आधार आहे. सेना चार डिव्हिजनपर्यंत वाढल्यावर ‘लिट्टे’ जंगलांत ढकलली गेली आणि नोव्हेंबर १९८८ मध्ये उत्तर-पूर्व प्रांताच्या निवडणुका पार पडल्या. श्रीलंकेचे नवे अध्यक्ष रणसिंघे प्रेमदासा यांनी सेना परत घेण्याची मागणी केली, ‘लिट्टे’शी हातमिळवणी करून तिला शस्त्रेही पुरविली आणि दिल्लीत डिसेंबर १९८९ मध्ये सरकार बदलले. सेना हरली नाही, तिला परत बोलावले गेले, असा या म्हणण्याचा अर्थ. पण ज्या निवडणुकांचा दाखला दिला जातो, त्यांतून आलेल्या वरदराज पेरुमाळ यांच्या प्रांतिक सरकारसाठी सक्तीने तरुण भरती करून जे ‘तमिळ राष्ट्रीय सैन्य’ उभारण्यात आले, त्याला भारताचेच पाठबळ होते. शांती सेना हटताच ते पत्त्याच्या बंगल्यासारखे कोसळले आणि त्यातील कित्येक पोरे ‘लिट्टे’च्या हाती सापडून मेली. यशाच्या हिशेबात हा भाग सहसा येत नाही.

अन्य देशांत चित्र फार वेगळे होते असे नाही. अमेरिकेचे जनरल विल्यम वेस्टमोरलँड यांनी नोव्हेंबर १९६७ मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल प्रेस क्लबमध्ये व्हिएतनाम युद्धाचा शेवट दृष्टिपथात येत असल्याचे सांगितले आणि जानेवारीअखेर टेट आक्रमणाने ते फोल ठरविले. सेनापतीला पत्रकारांपुढे उभे करण्याचा तो निर्णय राजकीय होता, पण शब्द सेनापतीचे होते. इराक युद्धाच्या तोंडावर, फेब्रुवारी २००३ मध्ये, जनरल एरिक शिन्सेकी यांनी सिनेटच्या समितीपुढे विचारले असता ताबा टिकविण्यासाठी काही लाख सैनिक लागतील, असे उत्तर दिले. संरक्षण खात्याच्या वरिष्ठांनी ते जाहीरपणे खोडून काढले. त्यांचा अंदाज बरोबर होता, हे पुढे मान्य झाले. ब्रिटनमध्ये त्याच युद्धाची चौकशी करणाऱ्या चिलकॉट समितीपुढे सेनापतींच्या साक्षी खुलेपणाने झाल्या आणि २०१६ मध्ये अहवाल आला. फरक आहे तो इतकाच की तेथे सेवेतील वा नुकत्याच निवृत्त झालेल्या सेनाधिकाऱ्याला प्रश्न विचारण्याची जागा आहे.

भारतात कारगिल युद्धानंतर पुनर्विलोकन समिती नेमली गेली आणि तिचा अहवाल काही भाग वगळून संसदेत मांडला गेला. १९६२ च्या पराभवावरील हेंडरसन ब्रूक्स अहवाल अधिकृतपणे आजही गोपनीय आहे. श्रीलंका मोहिमेबाबत तर अशी कोणती जाहीर चौकशीच झाली नाही. सुमारे १,२०० सैनिक गमावल्यानंतरही नाही. त्यामुळे काही आठवड्यांच्या ग्वाहीचा प्रश्न असो, प्रभाकरन यांच्याबाबतच्या कथित आदेशाचा असो की रुग्णालयातील गोळीबाराचा, वाचकाच्या हाती एकमेकांना छेद देणारी आत्मकथने तेवढी आहेत.

या सगळ्यात ज्याच्याविषयी कोणाचाही वाद नाही, असे एक नाव आहे. मेजर रामस्वामी परमेश्वरन यांचा जन्म मुंबईचा, शिक्षणही तेथलेच आणि लष्करी प्रशिक्षण मद्रासच्या अधिकारी प्रशिक्षण संस्थेत. २५ नोव्हेंबर १९८७ च्या पहाटे जाफन्यात शोधमोहिमेहून परतणाऱ्या ८ महार बटालियनच्या त्यांच्या तुकडीवर छापा पडला. छातीत गोळी लागलेली असताना त्यांनी समोरच्या बंडखोराची रायफल हिसकावून त्याला ठार केले आणि शेवटपर्यंत आदेश देत राहिले. या मोहिमेतील ते एकमेव परमवीर चक्र. लष्करप्रमुख सुंदरजी आणि हे मेजर एकाच रेजिमेंटचे. चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण अकादमीचे संचलन मैदान आज परमेश्वरन यांच्या नावाने ओळखले जाते आणि येथून बाहेर पडणारा प्रत्येक नवा अधिकारी त्या मैदानावरूनच सेनेत जातो.

युद्धानंतरची हिंसा मद्रासपर्यंत पोचली. जून १९९० मध्ये शहरातील कोडंबक्कम भागात ‘लिट्टे’ने ईपीआरएलएफ या प्रतिस्पर्धी संघटनेचे नेते पद्मनाभा यांना सहकाऱ्यांसह ठार केले. २१ मे १९९१ रोजी शहरापासून जवळच असलेल्या श्रीपेरुंबुदूर येथे राजीव गांधी यांची हत्या झाली. प्रेमदासा १९९३ मध्ये बॉम्बस्फोटात गेले, जयवर्धने १९९६ मध्ये, प्रभाकरन मे २००९ मध्ये मारले गेले. प्रमुख निर्णयकर्त्यांपैकी आता फारसे कोणी उरलेले नाही.

संरक्षण मंत्रालयाने जून २०२१ मध्ये युद्धे व लष्करी मोहिमांचा इतिहास पाच वर्षांच्या आत संकलित करण्याचे आणि दप्तरे सामान्यतः २५ वर्षांनी खुली करण्याचे धोरण जाहीर केले. शांती सेनेच्या दप्तराने ही मुदत धोरण येण्यापूर्वीच ओलांडली होती. कोलंबोत संसदेजवळ उभारलेल्या स्मारकावर आणि दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकावर मोहिमेतील हुतात्म्यांची नावे कोरलेली आहेत. जाफना रुग्णालयातील कर्मचारी दरवर्षी २१ ऑक्टोबर रोजी मारल्या गेलेल्या सहकाऱ्यांच्या तसबिरींपुढे दिवे लावतात.